ऑटोपायलट बंद करा, मग विमान निवडू

मंडळी, सिमसाठी, म्हणजे संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी, नवीन विमान घ्यायचं म्हटलं की लोक आधी बघतात काय, तर कॉकपिटमधली किती बटणं चालतात, एफएमसी (मार्ग भरायचा फ्लाइट कॉम्प्युटर) पूर्ण आहे का, दारं उघडतात का. असू दे, तेही हवं. पण हाताने उडवायला मजा यावी असं विमान हवं असेल तर या यादीचा फारसा उपयोग नाही, कारण त्यातली निम्मी बटणं ऑटोपायलटशी बोलायला असतात आणि आपण तर तोच बंद करून बसणार.

अडचण कुठे आहे बघा. खऱ्या विमानात वेग वाढला की स्टिक जड होते, कमी झाला की ढिली पडते, स्टॉल (पंखांची उचल तुटणं) जवळ आला की थरथर जाणवते. आपल्या साध्या जॉयस्टिकमध्ये एक स्प्रिंग, ती कुठल्याही वेगाला तेवढीच ओढणार. म्हणजे हाताला काही कळतच नाही, जे कळायचं ते डोळ्यांना आणि कानांना. म्हणून मी म्हणतो, सिममध्ये तेच विमान घ्या जे खिडकीतून आणि आवाजातून बोलतं, आणि जे दोन मिनिटं दुर्लक्ष केलं तर लगेच कुरकुरतं.

पायपर जे-3 कब घ्या ना. 1938 सालचं डिझाइन, 65 हॉर्सपॉवर, एकटे असाल तर मागच्या सीटवर बसायचं, जमिनीवर समोरचं काही दिसत नाही म्हणून नागमोडी टॅक्सी करायची, म्हणजे वळणं घेत चालवत न्यायचं. फ्लॅप्स (हळू उडता यावं म्हणून पंखाच्या मागच्या कडेला उतरणारे पट्टे) नाहीतच. मग अप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, उंची जास्त झाली तर? साइडस्लिप. एक पंख खाली पाडायचा, उलट्या बाजूचा रडर (शेपटीचं उभं सुकाणू) भरायचा, विमान तिरकं होऊन भराभर खाली यायला लागतं, वेग मात्र फारसा वाढत नाही, वाऱ्याचा आवाज बदलतो आणि रनवे चक्क बाजूला दिसायला लागतो, मग जमिनीजवळ हळूच सगळं सरळ करून तीन चाकांवर टेकवायचं. हे एकदा जमलं ना की अख्खी संध्याकाळ त्यातच जाते.

जरा दणकट हवं असेल तर बीव्हर, 1947 चं, 450 हॉर्सपॉवरचं रेडियल इंजिन. त्याचे फ्लॅप्स हातपंपाने उतरतात, म्हणजे एक हात पंपावर, एक योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर), आणि प्रत्येक हिसक्याला ट्रिम (स्टिक न ओढता नाक जागेवर ठेवणारा समतोल) थोडं बदलतं. सिममध्ये पंप म्हणजे एक बटण, पण तरी काम भरपूर.

आता जेट. एअरबसवाल्यांनी रागावू नका, ए320 छान विमान आहे, पण नॉर्मल लॉमध्ये (कॉम्प्युटरच्या नेहमीच्या नियंत्रणात) ते स्वतःच ट्रिम करतं, स्टिक सोडली की जो बँक (बाजूचा कल) दिलाय तो 33 अंशांपर्यंत धरून ठेवतं, तुम्ही उडवण्यापेक्षा सुचवता जास्त. खरी गंमत येते ती फ्लेअरला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, 30 फुटांखाली ते स्वतःच नाक खाली करायला लागतं, म्हणून तुम्हाला स्टिक मागे ओढून धरावी लागते. 737 मध्ये उलट, थ्रस्ट (इंजिनांचा जोर) वाढवला की पंखाखालच्या इंजिनांमुळे नाक वर जातं, वेग बदलला की ट्रिम, फ्लॅप बदलले की ट्रिम. सिममध्ये 737 हाताने उडवणं म्हणजे अर्धं ट्रिमच.

पैसे देण्याआधी जमलं तर एकच करून बघा. ऑटोपायलट बंद, सर्किट (रनवेभोवती एक फेरी) मारा, मग वर जाऊन पॉवर आयडल करून स्टॉलपर्यंत न्या. नाक अचानक खाली पडलं, एक पंख झुकला, रडर न मारता एलेरॉन (विमान कलवणारा पंखावरचा पट्टा) मारला तर बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी पॅनलवरची गोळी) बाहेर गेला, म्हणजे मॉडेल जिवंत आहे. सगळं रुळावरून चालल्यासारखं झालं तर पेंट कितीही सुंदर असो, सोडून द्या.

आणि हो, विमानाला शिव्या घालण्याआधी जॉयस्टिकचा डेडझोन (मधला भाग, जिथे हलवलं तरी काही होत नाही) बघा, तो मोठा असेल तर कुठलंच विमान मध्यभागी नीट वागत नाही. ट्रिम करतानाही स्टिक हळूहळू मध्याकडे सोडत सोडत करायचं, धरून ठेवून ट्रिम मारलं की नाक दुप्पट वर जाणारच.