'एच टू ओ'मधला टू

नमस्कार श्रोतेहो. रेडिओवर रसायनशास्त्र म्हणजे फळ्याशिवायचा वर्ग. जवळ कागद-पेन असेल तर घ्या, नाहीतर हाताची बोटंही पुरतील.

'एच टू ओ' पुष्कळांना पाठ असतं. पण त्यातला 'टू' आला कुठून? अणू काही कुणी मोजून पाहिले नव्हते. मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने १८०८ मध्ये आपला अणुसिद्धान्त पुस्तकात मांडला. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचं वजन ठरलेलं, आणि संयुगात अणू पूर्ण संख्येनेच येतात, अर्धा-पाऊण नाही. इथवर ठीक. पाण्याला मात्र त्याने एकास एक धरलं. हायड्रोजन-ऑक्सिजनचं तेव्हा तेवढं एकच संयुग ठाऊक होतं, मग साधी जोडी का नको?

आणि तिथेच घोळ झाला. पाण्यात हायड्रोजनच्या एका भागाला वजनाने सुमारे आठ भाग ऑक्सिजन असतो. एकास एक धरलं तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड ठरतो, दोनास एक धरलं तर सोळापट! त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक वायूंची मापं घेत होता. दोन मापं हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून पाणी होत होतं. १८११ मध्ये इटलीच्या अ‍ॅव्होगाड्रोने सांगितलं, की तापमान आणि दाब सारखे असले तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूही, म्हणजे अणू जोडून झालेले कणही, सारखेच. म्हणजे मापं दोनास एक, तर पाण्यातही दोनास एक. (हिंदीतला 'अणु' म्हणजे आपला रेणू, हिंदी पुस्तक वाचताना जपून.) फारसं कुणी ऐकलं नाही. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूच्या परिषदेत इटलीच्याच कानिझारो या रसायनशास्त्रज्ञाने अ‍ॅव्होगाड्रोची बाजू लावून धरली, त्यानंतर कुठे 'टू'ने मूळ धरलं.

आता पानाच्या डबीतला चुना घ्या. कॅल्शियमची संयुजा, म्हणजे दुसऱ्यांशी जोडायची ताकद, दोन; म्हणजे हात दोन. हायड्रॉक्सिल या मूलकाला, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या एकत्र वावरणाऱ्या जोडीला, हात एकच. म्हणून एका कॅल्शियमला दोन हायड्रॉक्सिल. लिहायचं असं: सीए, मग कंसात ओएच, कंसाबाहेर पायाशी दोन. कंस विसरलात की तो दोन एकट्या हायड्रोजनचा होतो आणि ऑक्सिजन एक कमी पडतो. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच. कळीच्या चुन्यात कॅल्शियम आणि ऑक्सिजन, दोघांची संयुजा दोन. तिरकस गुणाकार केला, म्हणजे एकाची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी लिहिली, की दोघांच्या पायाशी दोन येतात. ते तसेच ठेवायचे नाहीत, भाग देऊन टाकायचा. उरतं नुसतं सीएओ.

शेवटी तुरटी. पोटॅशियमचा एक हात, अ‍ॅल्युमिनियमचे तीन, मिळून चार. सल्फेट या गंधक-ऑक्सिजनच्या मूलकाचे दोन-दोन, म्हणून सल्फेट दोन घेतले की हिशेब जुळतो. पण सूत्र इथे संपत नाही. पुढे टिंब देऊन पाण्याचे बारा रेणू लिहावे लागतात. तुरटीचा खडा तव्यावर ठेवा. आधी तो पातळ होतो, मग फसफसतो, फुगतो आणि पांढरी हलकी लाही होते. फसफसून उडून जातं ते हेच पाणी.