मेंदूला मुका मार

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या नववीतला एक मुलगा प्रकल्पाची चार छापील पानं घेऊन माझ्याकडे आला. विषय त्यानंच निवडलेला, फुटबॉल आणि डोक्याची दुखापत. इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशातला मराठी लेख त्यानं जसाच्या तसा उतरवला होता. मी त्याचा पीटीचा शिक्षक, त्यात तरुणपणी गोलकीपर, म्हणून सहीला माझ्याकडे. पानं हातात देत म्हणाला, "सर, आपल्याला हेल्मेट कधी मिळणार?"

भात कापल्यावर शेतात चार काठ्या रोवून, कित्येकदा अनवाणी, खेळणारी आमची पेडण्याची पोरं. हेल्मेट कुठून आलं? लेख वाचला तेव्हा उलगडलं. लेख फुटबॉलवरच होता, पण अमेरिकेतल्या. तिथं ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ लांबट चेंडूनं आणि बहुतेक हातानंच खेळतात, खांद्यावर गाद्या नि डोक्यावर हेल्मेट चढवून. कुणीतरी इंग्रजी मजकूर यंत्रात घातला असावा आणि खालून मराठी निघालं असावं. ज्या गोव्यानं 2012 साली फुटबॉलला राज्याचा खेळ ठरवलं, तिथल्या मुलाच्या हाती दुसऱ्याच खेळाची चार पानं!

बरं, हेल्मेट घातलं की मेंदू सुरक्षित असं लेख म्हणतो, तेही चुकलंच आहे. हेल्मेटनं कवटी फुटायची वाचते. कन्कशन म्हणजे डोक्याला दणका बसून मेंदूचं काम काही काळ बिघडणं, ते दुखणं कवटीचं नसतंच. सुका नारळ कानाशी धरून हलवा, करवंटी शाबूत असते आणि आत गोटा खडखडतो. डोकं झटक्यानं फिरलं की मेंदू तसाच आतल्या आत हिंदकळतो. करवंटीवर टोपी घालून गोटा कसा थांबेल?

त्या रात्री मी लाल पेन घेऊन बसलो. पहिली रेघ शीर्षकावरच पडली. "फुटबॉलमधील मस्तिष्काघात". हा शब्द हिंदीत स्ट्रोकसाठी चालतो, आणि आपल्याकडेही तो ऐकून माणूस लकव्याचाच विचार करेल. आपल्याकडे याला जवळचा शब्द पूर्वीपासून आहे, मुका मार. खोक नाही, रक्त नाही, सीटी स्कॅनसुद्धा बहुतेक वेळा स्वच्छ येतो. मार मात्र बसलेला असतो.

पण मला घोर लागला तो दुसऱ्या पानावरच्या एका वाक्याचा. "खेळाडू बेशुद्ध पडल्यास त्यास ही दुखापत झाली असे समजावे." श्रोतेहो, हे वाक्य घातक आहे. कन्कशन झालेल्यांपैकी बहुसंख्य खेळाडू बेशुद्ध पडतच नाहीत. ते उठतात, माती झटकतात, खेळायला लागतात. मग बाहेरून कुणीतरी म्हणतं, "शुद्धीवर आहे ना, मग खेळूंदे." ज्ञानकोशातलं वाक्य आणि मैदानाच्या कडेचं हे वाक्य सख्खे भाऊ आहेत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. विशीत असताना वाड्यावाड्यांच्या सामन्यात एका फॉरवर्डचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. मी पडलो, उठलो, गोल किकही मारली. नंतर म्हणे मी आमच्या बॅकला तीनदा विचारलं, "स्कोअर किती झाला?" तो दर वेळी सांगायचा, मी दर वेळी पुन्हा विचारायचो. उरलेला अर्धा तास मी गोलात उभा होतो आणि त्यातलं मला आजही काही आठवत नाही. पुढं कितीतरी वर्षं हा किस्सा आम्ही हसत सांगितला. मीही.

असाच प्रश्न साऱ्या जगासमोर एकदा विचारला गेला. 13 जुलै 2014, रिओचं माराकाना स्टेडियम, विश्वचषकाचा अंतिम सामना. जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या गारायच्या खांद्याचा दणका बसला. तपासून त्याला परत खेळवलं. थोड्या वेळानं तो पंच रिझोली यांना विचारतो, हा अंतिम सामना आहे का? पंचांनी जर्मनीच्याच श्वाइनश्टायगर या खेळाडूच्या कानावर घातलं, तेव्हा कुठं एकतिसाव्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. चौदा मिनिटं! विश्वचषकाच्या मैदानावर, डॉक्टर हाताशी असताना. मग आमच्या शेतातल्या सामन्यात, जिथं प्रथमोपचार म्हणजे बर्फाची पिशवी आणि "घुंवळ येता रे?", चक्कर येते का रे, एवढी विचारपूस, तिथलं काय बोलावं?

तिसऱ्या पानावर आकडे होते. आकडा दिसला की मुलं तो ठळक करतात, यानंही केला होता. "अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी 99 टक्क्यांना मेंदूचा ऱ्हास होतो." मुळात आकडा खरा आहे, वाक्य खोटं. 2017 साली बॉस्टनच्या संशोधकांनी तिथल्या व्यावसायिक लीगमधल्या 111 दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यातल्या 110 मध्ये सीटीई नावाचा, डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूच्या ऱ्हासाचा विकार आढळला. पण हे मेंदू दान केले कुणी? घरच्यांनी, आणि बहुधा ज्यांनी माणसाचं विसरणं, चिडणं, बिघडणं डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनी. मोडलेल्या छत्र्या दुरुस्तीला आलेल्या दुकानात बसून मोजलं, तर गावातली प्रत्येक छत्री मोडकीच निघणार. संशोधकांनी स्वतःच ही मर्यादा लिहून ठेवलेली आहे. ज्ञानकोशानं आकडा उचलला आणि ती ओळ तिथंच सोडली.

आपल्या फुटबॉलवर सबंध लेखात एकच परिच्छेद. ग्लासगोच्या 2019 च्या अभ्यासाचा. स्कॉटलंडचे 7,676 माजी व्यावसायिक खेळाडू, आणि मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारानं मरण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट. हे बरोबर. पण पट सांगितली की मूळ रक्कमही सांगायला हवी. हा आजार मृत्यूचं मुख्य कारण ठरल्याचं प्रमाण खेळाडूंत 1.7 टक्के, इतरांत 0.5. शिवाय हृदयविकारानं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरनं हेच खेळाडू इतरांपेक्षा कमी मेले. आणि मुख्य म्हणजे त्या अभ्यासात कन्कशन किती झाली, हेडर, म्हणजे डोक्यानं चेंडू, किती मारले, हे मोजलेलंच नव्हतं. मोजले होते मृत्यूचे दाखले. लेखात मात्र "कन्कशनमुळे" असं छातीठोकपणे लिहिलेलं. याचा अर्थ हेडरला घाबरू नये असा मी काढत नाही. इंग्लंडनं 2020 पासून लहान मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला, आणि माझ्या दहा-अकरा वर्षांच्या पोरांना मीही तो शिकवत नाही.

शेवटी मुलानं स्वतःच्या मनानं एक ओळ जोडली होती, गोव्याच्या धेंपो फुटबॉल क्लबच्या ब्राझिली क्रिस्तियानो ज्युनियरची. 5 डिसेंबर 2004, बंगळूरला फेडरेशन कपचा अंतिम सामना, गोल करताना गोलकीपरशी टक्कर, तो मैदानात कोसळला आणि गेला. गोव्यात त्या वेळी किती घरांत चूल पेटली नसेल! त्याच्या घरी ही गोष्ट ऐकलेली, म्हणून त्यानं घातली. पण शवविच्छेदनात कारण निघालं ते हृदय बंद पडल्याचं. ती ओळ मी खोडली. हात जड झाला होता, पण खोडली.

मग उपचाराच्या परिच्छेदात मीच फसलो. लेखात होतं, दुखणं जाईपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहावं. मी पुढं लाल अक्षरात भर घातली, "आणि दर तासाला उठवावं." डॉक्टर असलेल्या पुतणीला फोन लावला तर ती म्हणाली, "काका, दोन्ही खोडा. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्याला शांत झोपू द्यायचं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाईल कमी. मग हळूहळू चालणं, शाळा. मैदान सगळ्यात शेवटी. त्या दिवशी तर नाहीच नाही." आणि पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायातली कमजोरी, न जागी होणारी गुंगी, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता 108.

आणखी एक. फुटबॉलच्या नियमांत 1 जुलै 2024 पासून स्पर्धेनं ठरवल्यास कन्कशनसाठी एक जादा बदली खेळाडू देता येतो. हे लेखात नव्हतंच. आमच्या गावच्या स्पर्धेच्या समितीला मी विचारलंय. बघू म्हणालेत.

दुसऱ्या दिवशी मुलाला पानं परत केली. लाल रंग बघून त्याचं तोंड एवढंसं झालं. तरी आठ दिवसांत त्यानं सगळं नव्यानं लिहून आणलं. शीर्षक दिलं, "मेंदूला मुका मार". मुखपृष्ठावर मात्र हेल्मेटचं चित्र तसंच ठेवलंय. म्हणाला, "सर, रंगीत प्रिंटचे वीस रुपये गेलेत."

नमस्कार.