एका चिरेवरून घराणं

मंडळी, विषय आहे चीरवाल्या सागरी गोगलगाईंचं वर्गीकरण. मागच्या रांगेतून आत्ताच आवाज आला, "बेळगावात समुद्र कुठाय?" रास्त शंका आहे. समुद्र नाही, आणि या गोगलगाईंचे जीवाश्मही आपल्याकडे नाहीत. गोकाकच्या धबधब्याचा वालुकाश्म गोगलगाय जन्माला येण्याआधीचा, आणि इथला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यांना भेटायचं तर तिरुचिरापल्ली-अरियलूरकडं जायचं. तिथल्या क्रिटेशस, म्हणजे डायनोसोरांच्या शेवटच्या काळातल्या, थरांतल्या गोगलगाईंवर स्टोलिच्का या भूवैज्ञानिकानं 1867-68 मध्ये मोठं काम केलंय.

या कुळाचं नाव प्लुरोटोमॅरिइडी. शंखाच्या बाहेरच्या ओठाला एक खोल चीर असते. कल्ल्यांवरून फिरलेलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. शंख वाढतो तशी चीर मागून बुजत जाते आणि तिच्या जागी वेढ्यांवरून फिरणारा एक पट्टा उरतो. हा पट्टा लक्षात ठेवा.

का, ते सांगतो. एका कॉलेजच्या संग्रहालयात (नाव विचारू नका, चहा फार चांगला दिला त्यांनी) काचेच्या कपाटात एक जीवाश्म होता. लेबल झोकात : 'प्लुरोटोमॅरिया', म्हणजे याच कुळातला. मी भिंग लावलं. शिपाईमामा शेजारी उभे. म्हणाले, "चीर हाय की सर, बघा." चीर होती, पण तिच्या मागं पट्टा कुठंच नव्हता. वाढीच्या रेषा तिथं मागं वळायला हव्यात, त्या सरळ चालल्या होत्या आणि मध्येच तुटल्या होत्या. तो नुसता तडा होता! कुणाच्या तरी हातून पडला असणार. विभागप्रमुखांना सांगितलं, तर म्हणाले, "राहू दे हो, लेबल छापून घेतलंय." छापलं की संपलं! हसताय काय, आपल्याकडं सातबारापासून सगळ्याचं हेच.

दुसरा किस्सा आवरता घेतो. हे कूळ नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते. 1856 साली फिशर आणि बर्नार्डी यांनी कॅरिबियनमधल्या एका आजच्या जातीचं वर्णन केलं. मग हिल्गेनडॉर्फ या जर्मन प्राध्यापकाला जपानच्या एनोशिमा बेटावर, पर्यटकांच्या दुकानात, असाच शंख मिळाला; त्याचं वर्णन त्यानं 1877 मध्ये छापलं. विद्वान खडक फोडत होते आणि दुकानदार विकत होता.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, म्हणजे आता मुख्य मुद्दा. भरभर सांगतो.

19व्या शतकात चीर दिसली की टाक प्लुरोटोमॅरियात, असं चाललं. पण चीर हा फार जुना वारसा आहे. आपल्याकडं येळ्ळूरकर, कडोलकर, सांबरेकर आहेत. शेवटी 'कर' आहे म्हणून सगळे एका भाऊबंदकीत धरले तर लग्नं कशी जुळवायची? चीर सिझुरेलिडी या बारक्या गोगलगाईंच्या दुसऱ्या कुळातही असते, आणि पुराजीव महाकल्पातले, म्हणजे डायनोसोरांच्याही आधीचे, कितीतरी चीरवाले या कुळाचे नाहीतच. खरं प्लुरोटोमॅरिइडी कूळ त्यानंतरच्या ट्रायासिक काळापासून धरतात. म्हणून चीर आहे का एवढंच विचारायचं नाही. ती किती लांब, पट्टा वेढ्यावर कुठं, तळाला नाभी (शंखाच्या मधोमधचं भोक) उघडी की बंद, हे सगळं एकत्र पाहायचं.

आज जिवंत प्रजाती (जातींचे गट) चार : एंटेम्नोट्रोकस, पेरोट्रोकस, मिकाडोट्रोकस, बेयेरोट्रोकस. एंटेम्नोट्रोकसची चीर अर्ध्या वेढ्याजवळ जाते आणि नाभी उघडी. पेरोट्रोकसची आखूड, नाभी नाही. सगळे खोल पाण्यातले आणि मुख्यतः स्पंज खाणारे. त्यांचे दात आणि डीएनए तपासता येतात. जीवाश्मांचे दात बहुधा मिळत नाहीत, डीएनए तर नाहीच. म्हणून तिथं सगळा भार शंखावर, आणि म्हणूनच यादी दर पिढीत बदलते.

हॅलिओटिस या चपट्या सागरी गोगलगाईच्या कवचावरच्या भोकांच्या रांगेचं राहिलंच. तीही त्याच चिरेची सोय, तुकड्यातुकड्यांत. पण त्या कुळाचं वर्गीकरण काढलं तर अध्यक्ष माईक काढून घेतील. बाकीचं चहाला विचारा.