दीड तासाचं विमान

नमस्कार श्रोतेहो.

माझं माहेर नागपूरचं, संसार ठाण्यात. गेल्या वर्षी वडिलांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. रात्री फोनवर मी आईला म्हटलं, "सकाळी ८चं विमान आहे, दीड तासात आलेच बघ." मी पोहोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. घरून निघाले होते पहाटे पावणेपाचला. आई साडेनऊपासून दाराकडे डोळे लावून बसली होती. बाबा आता बरे आहेत, पण तो एक तास मी तिला उगाच दिला, हे अजून मनाला लागतं.

म्हणून आज हा हिशेब मांडते.

ठाणे-मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे. कसारा घाट चढून भुसावळ, बडनेऱ्यावरून जाणाऱ्या रेल्वेला मुंबईहून तेच ८३७ किलोमीटर पडतं. समृद्धी महामार्ग आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपासून ७०१ किलोमीटर. आता विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. मग पन्नास मिनिटांत का पोचत नाही? कारण हा वेग फक्त मधल्या टप्प्यात मिळतो. चढताना आणि उतरताना तो कमी असतो, उतरायला रांग असेल तर आकाशात घिरट्या होतात. शिवाय तिकिटावरची वेळ धरतात ती विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर लागेपर्यंत. धावपट्टीपर्यंतचं रांगणंही त्यातच आलं.

वाऱ्याचंही सांगते, मला ते फार आवडतं. हिवाळ्यात एवढ्या उंचीवर वारा पश्चिमेकडून वाहतो. नागपूरला जाताना तो पाठीशी असतो, परतताना अंगावर येतो. पावसाळ्यात वरचा वारा उलटा, पूर्वेकडून. म्हणून जायला आणि यायला नेमका सारखाच वेळ लागेल असं नाही. फरक थोड्या मिनिटांचा असतो, पण असतो.

पण खरा वेळ जातो जमिनीवर. बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तासभर आधी सामान घेणं बंद करतात. २०२५च्या डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं उडू लागली आहेत. तिकीट काढताना विमान मुंबईहून आहे की नवी मुंबईहून, हे दोनदा वाचा. घोडबंदरला राहणाऱ्याने बेलापूर रोडची गर्दी मनात धरूनच निघावं.

आजारी माणसाकडे धावायचं असेल तर विमानच घ्या. सणाला निघाला असाल, तर ठाण्याला संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसा. झोप झाली की सकाळी नागपूर येतं. आणि घरी फोन कराल तेव्हा विमानाची वेळ सांगू नका. तुम्ही दारात कधी उभे राहाल, ती सांगा.

नमस्कार.