आधी कान, मग कंबर

सकाळचे सात वाजलेत. बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या मधोमध महादेव उभे आहेत, काठावर फिरायला आलेली मंडळी आहेत, आणि इथून पाच मिनिटांवर, दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर आठ जणी बेली डान्स शिकायला कंबरेला ओढण्या बांधतायत.

ही ओढणी जरा जवळून बघा. पातळ जॉर्जेट, त्यावर पत्र्याच्या गोल चकत्या, दोऱ्याने एकेक टाचलेल्या. आपल्याकडे नाचणारीचे घुंगरू पायात असतात, इथे ते कंबरेवर आलेत. हिप ड्रॉप म्हणजे एका बाजूची कंबर वर उचलायची आणि झटकन खाली सोडायची, सोडून तिथेच थांबायचं. छन्न असा एकच आवाज आला तर जमलं, आणि छन्न-छन-छन अशी मागे शेपटी राहिली तर थांबणं जमलेलं नाही. शिकवणारी ताई डोळे मिटून उभी राहते आणि नुसत्या आवाजावरून सांगते, डावीकडून तिसरी, परत कर.

डावीकडून तिसऱ्या आहेत त्या काकू. वय बावन्न, आयुष्यात गरब्याशिवाय काही नाचलेल्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, ताई, मी इजिप्शियन शिकू, टर्किश शिकू की ते काळे कपडे घालतात ते ट्रायबल? मोबाईलवर तिन्ही बघून ठेवलेलं, आणि निवड चालली होती कपड्यांवरून. बहुतेक सगळ्यांचं तसंच होतं, झगमगीत बेदला म्हणजे तो मण्यांचा दोन भागांचा पोशाख आवडला की इजिप्शियन, जड चांदीचे दागिने आवडले की ट्रायबल. मला हे पटत नाही. रोज तासभर जे संगीत कानावर पडणार ते आवडत नसेल तर पोशाख कपाटात पडून राहतो.

म्हणून ताईने उत्तर दिलंच नाही, ढोल मांडीवर आडवा घेतला. पेल्याच्या आकाराचा, एकाच तोंडाचा. तुर्कस्तानात याला दरबुका म्हणतात आणि इजिप्तमधे चक्क तबला. दुम म्हणजे जड बोल, तक म्हणजे हलका. पहिला ठेका मकसूम, दुम तक, तक दुम, तक. मग सईदी, त्यात मधे दोन दुम लागोपाठ येतात, दुम तक, दुम दुम, तक, आणि ढोल एकदम जड वाटायला लागतो. हा दक्षिण इजिप्तचा ठेका, यावर काठी घेऊन नाचतात, कारण तिथल्या पुरुषांचा लाठीचा खेळ आहे तहतीब, २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेलेला, त्यातून बायकांच्या नाचात काठी आली. आणि मग टर्किश, नऊ मात्रा, दोन दोन दोन तीन. इथे आठही जणी हसायला लागल्या, कारण पाय कुठे ठेवायचा तेच कळेना.

आता नावाचं बोलू, कारण नावानेच या नाचावर अन्याय केलाय. इजिप्तमधे कुणी याला पोटाचा नाच म्हणत नाही, तिथे हा रक्स शर्की, पूर्वेकडचा नाच. पोट हा शब्द फ्रेंचांनी चिकटवला आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर तो अमेरिकेत घरोघरी गेला. १८३४ मधे इजिप्तचा राज्यकर्ता मोहम्मद अली याने कैरोतल्या नाचणाऱ्या बायकांना शहराबाहेर काढून दक्षिणेला पाठवलं होतं, आणि त्याच कैरोत १९२६ साली बदिया मसाबनी नावाच्या बाईने स्वतःचा क्लब उघडला, मोठा रंगमंच, मोठा वाद्यवृंद, तिथूनच सामिया गमाल, तहिया कारिओका अशा नर्तकी पुढे आल्या. पुढे १९५९ ला महमूद रेदा या इजिप्शियन नर्तकाने गावोगावचे नाच रंगमंचावर आणले. बडोद्याला हे परकं वाटायला नको. १८८० मधे सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झालं तेव्हा तंजावरच्या नर्तकी या गावात आल्या, संस्थानाच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे कलाकारांच्या खात्यात, त्यांना जागा मिळाली, आणि त्यांच्यातल्या कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर इथे भरतनाट्यमचे गुरू झाले. दरबारात नाचणाऱ्या बाईला मान देणारं गाव आहे हे.

ही पिवळ्या कुर्त्यातली मुलगी भरतनाट्यम शिकलेली. तिची अडचण बघा, गुडघे आपोआप बाहेर वळतात, अरमंडी, म्हणजे ती अर्धी बैठक, अंगात भिनलीये. इथे पावलं समांतर, गुडघे सैल, टाच आपटायची नाही. गरबा खेळणाऱ्यांचं वेगळंच, त्यांची कंबर हलली की खांदेही सोबत निघतात.

अमेरिकन ट्रायबल तर अजूनच निराळं. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोमधे कॅरोलीना नेरीचिओने सुरू केलेलं, घोटून बसवलेला नाच नाही, पुढे उभी असलेली खूण करते आणि मागच्या तीच हालचाल उचलतात, अंगावर चोळी आणि भल्या मोठ्या घेराचा घागरा. नवरात्र पाहिलेल्या माणसाला हे घरचंच वाटतं. पण त्याला मैत्रिणींचा जथा लागतो, घरी एकटीने त्या खुणा करायच्या कुणाला?

म्हणून माझं म्हणणं, नवीन असाल तर इजिप्शियन बलदीपासून, म्हणजे तिथल्या साध्या घरगुती नाचापासून सुरू करा. पाय पूर्ण टेकलेले, वजन खाली, हालचाल छोटी, एक हिप ड्रॉप, कंबरेने काढलेला एक आडवा आठ, आणि ठेका ऐकायला भरपूर वेळ. टर्किशचा वेग आणि जमिनीवरचं काम नंतर येऊ दे. हिरव्या ओढणीतल्या बाई दुसऱ्या एका क्लासमधे पहिल्याच महिन्यात गुडघ्यांवर पडायला शिकल्या, सहा आठवडे जिना चढता येत नव्हता.

काकूंनी काय निवडलं? नऊ मात्रांवरचं हसू ओसरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ताई, तो पहिला परत वाजव ना.

हा सातवा रविवार. काकूंनी घरी सांगितलंय, योगाला जाते. ढोल सुरू आहे, दुम तक, तक दुम, तक. ताईचे डोळे मिटलेले.

छन्न.

"कोण होतं ते?"

डावीकडून तिसरा हात वर.