चेक या शब्दाची वंशावळ

मंडळी, आज एकाच शब्दावर बोलायचं आहे. तो शब्द आपण दिवसातून किती वेळा तोंडात घोळवतो याचा आपल्यालाच पत्ता नसतो. तो म्हणजे ‘चेक’. बँकेत भरतो तो चेक. शर्टावर असतात ते चेक्स. गॅस बंद केलाय का, चेक कर. विमानतळावर चेक-इन, हॉटेलातून चेक-आउट. रस्त्यावर चेकपोस्ट, ओढ्यावर चेक डॅम. आणि बुद्धिबळात समोरच्याच्या राजावर रोख धरला की तोही चेक.

आता मला सांगा, पैशाचा कागद, कापडावरचे चौकोन, तपासणी, अडवणूक आणि बुद्धिबळ यांचा एकमेकांशी संबंध काय? साधा विचार केला तर वाटतं, उच्चार सारखा झालेले चार-पाच वेगळे शब्द असतील. इंग्रजीत तसं पुष्कळदा घडतं. पण इथे तसं नाही. हे सगळे अर्थ एकाच माणसाच्या पोटी जन्माला आले आहेत, आणि तो माणूस म्हणजे इराणचा राजा.

शब्दांच्या जन्मकथा ऐकताना थोडा संशय जागा ठेवावा, असं माझं मत आहे. जितकी कथा रंगतदार, तितकी ती कुणीतरी मागाहून रचलेली असण्याची शक्यता जास्त. ‘चेक’ची कथाही ऐकताना तशीच वाटते. फरक इतकाच की हिच्या बहुतेक पायऱ्यांना लेखी पुरावा आहे.

सुरुवात आपल्याकडच्या खेळापासून करू. ‘चतुरंग’ म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची सेना. सातव्या शतकात बाणभट्टानं हर्षचरितात हर्षाच्या राज्याचं वर्णन करताना शब्दावर कोटी केली आहे. या राज्यात इतकी शांतता होती, की चतुरंगाची रचना फक्त अष्टापदावरच पाहायला मिळे. अष्टापद म्हणजे आठ गुणिले आठ घरांचा पट. हा खेळ इराणात गेला तेव्हा त्याचं ‘चतरंग’ झालं. पुढे अरबांच्या हाती गेला तेव्हा ‘शतरंज’ झालं, कारण अरबीत ‘च’ही नाही आणि ‘ग’ही नाही. खेळाचं नाव असं घासत घासत बदललं, पण राजाला इराणी लोकांनी आपल्या भाषेतला शब्द दिला: शाह.

आणि एक शिष्टाचार होता. समोरच्याचा राजा माऱ्यात आला की तोंडानं सांगायचं, ‘शाह!’ म्हणजे बाबा रे, तुझा राजा सांभाळ. नकळत राजा मारून डाव संपवण्यात मजा नाही, असा त्यामागचा विचार. राजाला पळायला जागाच उरली नाही, की म्हणायचं ‘शाह मात’. यातल्या ‘मात’चा अर्थ काय, यावर दोन मतं आहेत. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, म्हणून राजा मेला असा अर्थ बरेच जण सांगतात. पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, गोंधळून उभा राहिलेला, आणि मला हा अर्थ जास्त पटतो. बुद्धिबळात राजा मरतच नाही. त्याला हलता येत नाही, एवढंच. खेळाचा नियमच फारसी अर्थाच्या बाजूनं साक्ष देतो.

अरबांकडून खेळ युरोपात गेला. ‘शाह’मधला शेवटचा ‘ह’ तिथल्या कानांना ‘क’सारखा ऐकू आला आणि लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ असा शब्द तयार झाला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘एशेक’ झालं. इंग्रजांनी पुढचा ‘ए’ गाळून टाकला, उरलं ते ‘चेक’. आणि त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आला ‘चेस’. म्हणजे इंग्रज माणूस ‘चेस’ म्हणतो तेव्हा तो खरं तर ‘राजे’ म्हणत असतो. रशियनमध्ये तर खेळाचं नावच ‘शाखमाती’ आहे, शाह आणि मात, दोन्ही शाबूत.

आता राजापासून अडवणुकीपर्यंत शब्द कसा आला ते बघा. तुमच्या डोक्यात झकास डाव शिजतोय, दोन चालींत वजीर टिपायचा बेत आहे, आणि समोरचा म्हणतो ‘चेक’. संपलं. बेत तिथेच गुंडाळायचा आणि आधी राजाकडे धावायचं. खेळणाऱ्याच्या अनुभवात ‘चेक’ म्हणजे राजा नव्हे, ‘चेक’ म्हणजे खीळ. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द पटावरून उठून बाहेर आलेला दिसतो: आधी अचानक बसलेला तडाखा, मग थांबणं, मग थांबवणं, आवरून धरणं. ससाण्यांनी शिकार करणाऱ्या लोकांनीही तो उचलला. सोडलेला ससाणा खरं सावज टाकून मध्येच दुसऱ्याच पाखरामागे वळला, की त्याला ते ‘चेक’ म्हणत. आपला चेक डॅमही याच अर्थाचा आहे. तो पाणी तपासत नाही, पाण्याचा वेग मोडतो.

मग तपासणी कुठून आली? मला वाटतं, याचं उत्तर हजेरीपटात आहे. इंग्लंडच्या राजवाड्यात आणि आरमाराच्या गोद्यांमध्ये ‘क्लार्क ऑफ द चेक’ नावाचा एक अधिकारी असे. त्याचं काम नोकरांची हजेरी घेणं. आता हे अडवणं आहे की तपासणं? दोन्ही. माणसं कामावरून पसार होऊ नयेत म्हणून त्यांना आवरायचं, आणि आवरायचं म्हणजे यादीशी ताडून बघायचं. एकदा यादीवर बोट ठेवून नावं मोजायला लागलं, की शब्दाचा तोल अडवण्याकडून पडताळण्याकडे झुकतो. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘चेक करणं’ म्हणजे हिशेब ताडून पाहणं हा अर्थ इंग्रजीत रुळला होता.

इथपर्यंत एक शाखा झाली. दुसरी शाखा निघते पटापासून, आणि ती मला जास्त आवडते, कारण तिथे आपल्याला टेबलावर प्रत्यक्ष वाकून बघता येतं.

लॅटिनमध्ये पटाला ‘स्काकारियुम’ म्हणत. त्याचं फ्रेंचमध्ये ‘एशेकिये’ झालं आणि इंग्रजीत ‘एक्सचेकर’. मधला ‘एक्स’ चुकीनं शिरला आहे. कुणा पंडितांना वाटलं की मूळ लॅटिन शब्द ‘एक्स’नं सुरू होत असणार, आणि त्यांनी तो बसवला. तर इंग्लंडच्या राजाचा खजिना ‘एक्सचेकर’ म्हणजे चक्क ‘बुद्धिबळाचा पट’ या नावानं ओळखला जाऊ लागला. पहिल्या हेन्रीच्या काळापासून, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभापासून, हे नाव कागदोपत्री दिसतं.

नाव का पडलं, हे आपल्याला तर्कानं शोधावं लागत नाही. रिचर्ड फिट्झनील नावाचा खजिनदार होता. त्यानं सुमारे ११७७च्या सुमारास या खात्याच्या कारभारावर गुरू-शिष्य संवादाच्या रूपात लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहायला घेतला. त्यात शिष्य सरळ विचारतो, याला एक्सचेकर का म्हणतात? आणि गुरू सांगतो, टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून. शिवाय तो आणखी एक साम्य दाखवतो. पटावर दोन सैन्यं भिडतात, तसा इथे खजिनदार आणि शेरीफ (म्हणजे आपल्या परगण्याचा वसूल राजाकडे भरणारा अधिकारी) यांचा सामना असतो, बाकीचे सभोवती बसून बघतात.

टेबलाचं वर्णनही त्यानं देऊन ठेवलं आहे. लांबी सुमारे दहा फूट, रुंदी पाच. कडेला चार बोटं उंच कठडा, ठेवलेलं काही खाली पडू नये म्हणून. वर काळं कापड, आणि त्यावर एकेका फुटाच्या किंवा वितीच्या अंतरावर रेघा. या रेघांमुळे रकाने पडत. पहिला रकाना पेन्सचा, दुसरा शिलिंगांचा, तिसरा पौंडांचा. मग विसा, शंभर, हजार, आणि क्वचित दहा हजार. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, असा तो किचकट हिशेब. त्यात अंक रोमन. रोमन अंकांत बेरीज करून पाहा एकदा, म्हणजे या टेबलाची गरज कळेल. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. म्हणून स्थानमूल्य कापडावर आखून घेतलं होतं! शेरीफकडून येणं किती, ते वरच्या ओळीत सोंगट्यांनी मांडायचं. त्यानं भरलं किती, ते खालच्या ओळीत. मग एकेक सोंगटी उचलत वजाबाकी. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही आपल्या डोक्यावर किती बाकी उरली, हे डोळ्यांनी दिसे. मला ही कल्पना फार हुशारीची वाटते.

पावतीही तशीच, हातात धरून बघायची. तिला टॅली म्हणत. ती लाकडाची काठी असे, आणि तिच्यावर खाचा पाडत. हजार पौंडांसाठी तळहाताएवढी रुंद खाच, शंभरासाठी अंगठ्याएवढी, वीस पौंडांसाठी करंगळीएवढी, आणि एका पौंडासाठी टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा खजिन्याकडे. पुढे वाद झालाच तर दोन्ही भाग जुळवून बघायचे. लाकडाचे धागे खोटे बोलत नाहीत. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत बंद झाली आणि साठलेल्या जुन्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी वेस्टमिन्स्टरच्या भट्ट्यांमध्ये जाळल्या. त्या इतक्या पेटल्या की धुराड्यांतून आग पसरून पार्लमेंटची जुनी इमारतच खाक झाली. हे थोडं विषयांतर झालं, पण अगदीच नाही, कारण काठीच्या दोन भागांची ही कल्पना आपल्याला लगेच लागणार आहे.

बँकेतला चेक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणजे पैसे देण्याचा कागद नव्हता. चेक म्हणजे हुंडीसारख्या कागदाचं मागे उरणारं अर्धुक, ज्याला आपण अर्धी पावती किंवा काउंटरफॉइल म्हणू. त्याचं काम लबाडीला आळा घालणं, म्हणजे आधीच्याच अर्थानं चेक करणं. मग अर्धुकाचं नाव पुढच्या कागदाला चिकटलं. अमेरिकेत याचं स्पेलिंग आजही साधंच आहे, सी-के वालं. इंग्लंडमध्ये मात्र शेवटी क्यू-यू-ई आलं, ते एक्सचेकरच्या प्रभावामुळे. म्हणजे दोन शाखा, अडवणुकीची आणि पटाची, या कागदावर परत एकत्र आल्या. स्पेलिंग एकीचं, अर्थ दुसरीचा.

कापडावरचे चेक्सही पटावरूनच आले. पण एक गंमत लक्षात घ्या. आपला अष्टापद आणि अरबांचा पट, दोन्ही एकरंगी असत, नुसत्या रेघा मारलेले. काळ्या-पांढऱ्या घरांचा पट युरोपात रूढ झाला. स्वित्झर्लंडमधल्या आइन्झीडेल्न मठातल्या हस्तलिखितात, इसवी सन १००० च्या आसपासची, या खेळावरची लॅटिन कविता आहे. दोन रंगांची घरं असली तर चूक लगेच पकडता येते, अशी तिच्यात भलामण आहे. तेव्हा ही सुधारणा झाली नसती, तर ‘चेक्स’चा शर्ट कुठल्या नावानं विकला गेला असता कुणास ठाऊक. ब्रिटिश पंतप्रधानांच्या खेड्यातल्या घराचं नावही ‘चेकर्स’ आहे. बाराव्या शतकात ती जमीन एक्सचेकरच्या एका अधिकाऱ्याकडे होती, त्यावरून ते पडलं असं मानतात.

आता मराठीकडे. इंग्रजांचा ‘चेक’ आपण अलीकडे घेतला, पण तोच शब्द फारसीतून आपल्याकडे कधीच येऊन बसला होता. आपण ‘शह देणं’ म्हणतो, राजकारणाच्या बातम्यांत ‘शह-काटशह’ वाचतो, आणि संकटावर ‘मात’ करतो. हा शह आणि बँकेतला चेक, एकाच शब्दाची दोन रूपं, दोन वेगळ्या वाटांनी आलेली. जर्मन भाषेतही असंच झालंय. तिथे बुद्धिबळ म्हणजे ‘शाख’ आणि बँकेतला कागद ‘शेक’.

काही जण इथे उत्साहानं म्हणतात, बघा, शाह म्हणजे आपला क्षत्रियच! तसं नाही. जुन्या फारसीतला ‘ख्शायथिय’ म्हणजे राजा, आणि संस्कृतातलं ‘क्षत्र’, ही दोन्ही राज्य करणं या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून निघाली. ती भावंडं आहेत, बाप-लेक नव्हेत. याच घरातला आणखी एक जण आपण रोज वापरतो: ‘शहर’. फारसीत तो आधी राज्य या अर्थी होता, मग आकसून नगर झाला. ‘क्षत्रप’ही त्याच इराणी घरातून संस्कृतात आला.

आणि जाता जाता एक धोक्याची सूचना. चेक्सच्या शर्टाला मराठीत चौकडीचा शर्ट म्हणतात. चेक आणि चौकडी, ध्वनी जवळचा, अर्थ तर तोच. म्हणून एक दुसऱ्यापासून आला असं ठोकून द्यायचा मोह होतो. पण तो योगायोग आहे. चौकडीतला ‘चौ’ म्हणजे चतुर्, चार, आणि हाच चतुर् ‘चतुरंग’ आणि ‘शतरंज’ यांच्या पोटात आहे. चेकच्या पोटात मात्र चार नाहीत, चौकोनही नाही, तिथे एकटा शाह आहे. रूढ नियमात आज राजाला शह दिल्यावर तोंडानं ‘चेक’ म्हणण्याची सक्तीही उरलेली नाही, आणि स्पर्धेतले खेळाडू सहसा म्हणत नाहीत. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.