अधिछात्रवृत्तीचे वर्ष आणि पाण्याचे वर्ष

मित्रहो, पाणी धोरण आणि व्यवस्थापन या विषयांत पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीविषयी, म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण जिला फेलोशिप म्हणतो तिच्याविषयी, मला आज एक मुद्दा मांडायचा आहे. ती संशोधकाच्या पोटाची सोय करते, पण पाण्याचे वर्ष कसे चालते हे ती विचारात घेत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आणि दोन वर्षांनंतरची वरिष्ठ ४२,००० रुपये. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे तर ज्यांच्या घरात कोणी कॉलेजही पाहिले नव्हते अशी मुले संशोधनाकडे वळली, आणि त्यांतल्या अनेकांनी पाटाचे पाणी लहानपणापासून स्वतः दिलेले असते. या विषयाला याहून चांगला अभ्यासक कुठून मिळणार?

आपले सिंचनाचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते आणि रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला लागतो. कोर्सवर्क, विषयाला मान्यता, समितीची बैठक हे सोपस्कार पार पडून विद्यार्थी जानेवारीत कालव्यावर पोहोचला, तर रब्बीची पहिली आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, होऊन गेलेली असतात आणि ती पुन्हा पाहायला वर्षभर थांबावे लागते. टंचाईचे वर्ष तर कोणाच्या वेळापत्रकाने येत नाही. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचेच पाहा. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने ठरले की १५ ऑक्टोबरच्या सुमारास तिथला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नगर-नाशिककडच्या वरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचे. हे समन्यायी वाटप प्रत्यक्षात कसे घडते ते फक्त तुटीच्या वर्षातच दिसते. आणि चांगल्या पावसाळ्यांतच ज्याची मुदत संपली, त्या संशोधकाकडे कायद्याचे कलम उरते, पण त्याचा अनुभव येत नाही.

मी स्वतः विद्यार्थी असताना नगर जिल्ह्यातल्या एका चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटावर, रब्बीचे दुसरे आवर्तन पाहिले होते. शेजपाळीच्या, म्हणजे पाळीपाळीने पाणी देण्याच्या, नियमाप्रमाणे पाणी आधी टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला पोहोचून मग शेतामागून शेत करत वर हेडकडे, म्हणजे मुखाकडे यायचे. मुखाशी पातळी मोजण्याच्या गेजपट्टीवर पाणी ठरलेल्या खुणेला होते आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने वहीत तसेच लिहिले. रात्री दीडच्या सुमारास मी टेलला गेलो, तेव्हा तिथला शेतकरी गव्हाच्या सरीत फावडे रोवून उभा होता आणि पाण्याची धार त्याच्या घोट्यालाही लागत नव्हती. कार्यालयातल्या नोंदीत मात्र ते क्षेत्र पुढे भिजलेले दिसले. त्या रात्री तिथे मुक्काम नसता, तर माझ्या प्रबंधात तोच आकडा गेला असता. त्या मुक्कामाचा खर्च मला कोणत्याही शीर्षाखाली मिळाला नाही.

पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी केली आणि १९४८ साली तिचा अहवाल आला. लाभक्षेत्रात जाऊन माहिती गोळा करण्याची ही परंपरा आपल्याकडे आहे, तेव्हा मी मागतो ते काही परके नाही. पाण्यावरच्या अधिछात्रवृत्तीची मुदत जुलैपासून मोजावी, तुटीचे वर्ष आले तर एक वर्ष वाढवून मिळावे, आवर्तनांच्या काळातला मुक्काम आणि प्रवाह मोजण्याचे साहित्य यांसाठी वेगळी तरतूद असावी. आणि प्रबंध इंग्रजीत असला, तरी त्यातली मोजमापे मराठीत लिहून त्या चारीवरच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेच्या सभेत वाचून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने या संस्थांना घनमीटरवर मोजून पाणी घेण्याचा हक्क दिला आहे. आपल्या चारीच्या मुखाशी किती आले आणि टेलला किती पोहोचले, हे त्यांना त्या सभेत विचारता आले पाहिजे.